द्राक्षाच्या डोळ्याची कायमस्वरूपी स्लाइड : बागेतल्या काडीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या तपासून घेण्याची पद्धत आता सर्वांच्या ओळखीची आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यातील बागायतदार डोळे (काडीच्या पेरांवरच्या कळ्या) तपासणीचा अहवाल पाहूनच काडी किती डोळ्यांवर छाटायची हे ठरवतात. या तपासणीत स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली डोळा सोलून किंवा ब्लेडने आडवा कापून पाहतात आणि त्यातून घड आहे की नाही एवढे कळते. तो घड कोणत्या दिवशी धरू लागला, कोणत्या पेशींच्या पुंजक्यातून उमलला आणि वाढता वाढता कोठे थांबला, हे पाहायचे असेल तर तेवढ्याने भागत नाही. त्यासाठी डोळा रसायनात स्थिर करून, मेणात बसवून, ८ ते १० मायक्रॉन जाडीचे छेद घेऊन रंगवलेली कायमस्वरूपी स्लाइडच लागते. वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि नव्याने या कामाला लागलेल्या संशोधकांना ती पद्धत पायरीपायरीने सांगावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पहिल्याच परिच्छेदांत एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. स्लाइड बिघडली की आपण मायक्रोटोमला (पातळ छेद घेणाऱ्या यंत्राला) किंवा रंगाला दोष देतो, परंतु माझ्या अनुभवात बहुतेक नमुने बागेतच बिघडलेले असतात. या कामाच्या पहिल्या वर्षी मी दिंडोरीजवळच्या एका बागेतून काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून नाशिकला आणल्या आणि दुपारी सवडीने त्यांचे तुकडे फिक्सेटिव्हमध्ये (ऊती स्थिर करणाऱ्या द्रावणात) टाकले. पुढचे सारे टप्पे निगुतीने केले, छेदांची सलग पट्टी, म्हणजे रिबनही सुरेख निघाली, पण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीतील जीवद्रव्य भिंतीपासून सुटून आत गोळा झालेले दिसले. दोन महिन्यांची मेहनत वाया गेली आणि घडनिर्मितीचा काळ वर्षातून एकदाच येत असल्यामुळे पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबावे लागले. म्हणून या लेखात बागेतल्या कामाला जास्त जागा दिली आहे.

नमुना कधी आणि कोणता घ्यावा

आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात आणि त्या काड्यांवरील डोळ्यांत पुढच्या हंगामाचा सूक्ष्मघड तयार होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर तोच घड बाहेर पडतो. खरड छाटणीनंतरचे साधारण ३५ ते ६० दिवस सूक्ष्मघडनिर्मितीच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. म्हणजे नमुने घेण्याचा काळ मे आणि जूनच्या सुरुवातीस येतो, जेव्हा नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. या काळात दर पाच दिवसांनी नमुने घ्यावेत. एका प्लॉटमधून एकाच वेलीच्या दहा काड्या घेण्यापेक्षा दहा वेगवेगळ्या वेलींची एकेक काडी घेणे योग्य असते, कारण वेलीवेलीत फरक असतो आणि तो आपल्या निष्कर्षात उतरला पाहिजे.

काडीवरचा डोळा कितवा आहे, याची नोंद तळाकडून मोजून करावी. थॉमसन सीडलेससारख्या जातीत तळाचे डोळे बहुधा वांझ असतात आणि वरच्या डोळ्यांत घड धरतो. दोन काड्यांची तुलना करताना चौथा डोळा आणि आठवा डोळा यांची सरमिसळ झाली, तर पुढच्या सर्व कष्टांना अर्थ उरत नाही. काडी सरळ आहे की सबकेन (शेंडा खुडल्यावर फुटलेली उपकाडी), छाटणीला किती दिवस झाले, शेवटची फवारणी कशाची आणि कधी होती, हेही लिहून ठेवावे. बोर्डो मिश्रणाचे किंवा गंधकाचे कण खवल्यांवर बसलेले असतील तर छेदात काळे ठिपके दिसतात आणि ब्लेडची धारही जाते, त्यामुळे शक्य असल्यास फवारणीपूर्वीचा दिवस निवडावा.

बागेतच फिक्सेशन

सकाळी सात ते आठच्या दरम्यान, काडीत पाण्याचा भरणा असताना, नमुना घ्यावा. सोबत नवी दाढीची ब्लेड, पातळ चिमटा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या, ५० मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज, हातमोजे, डोळ्यांसाठी गॉगल आणि बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा असावा. बाटल्यांत फिक्सेटिव्ह आदल्या दिवशीच भरून ठेवावे.

फिक्सेटिव्ह म्हणून एफएए (फॉर्मॅलिन, ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण) वापरावे. ५० टक्के इथाइल अल्कोहोल ९० मिलिलिटर, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५ मिलिलिटर आणि फॉर्मॅलिन ५ मिलिलिटर हे त्याचे प्रमाण आहे. पिकलेल्या, कठीण काडीसाठी ५० ऐवजी ७० टक्के अल्कोहोल घ्यावे. या मिश्रणात अल्कोहोल पेशी आक्रसवते आणि ॲसिटिक आम्ल तिला फुगवते. दोघांचा तोल साधला तर पेशी मूळ आकाराच्या जवळ राहते, म्हणून मापे अंदाजाने घेऊ नयेत. येथे फॉर्मॅलिन म्हणजे बाजारात मिळणारे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचे द्रावण होय. पुष्कळ विद्यार्थी आधीच दहापट पातळ केलेले फॉर्मॅलिन त्यात घालतात आणि मग ऊती नीट स्थिर का झाली नाही, याचा शोध घेत बसतात. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणारे रसायन म्हणून वर्गीकृत आहे, हे लक्षात ठेवून मिश्रण फ्यूम हूडमध्येच तयार करावे आणि बागेत बाटली उघडताना वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करून, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही अशा बाजूने, उभे राहावे.

आता प्रत्यक्ष कृती. काडी वेलीपासून तोडल्याबरोबर सावलीत घ्यावी आणि डोळ्याच्या वर व खाली सुमारे ३ मिलिमीटर काडी ठेवून पेराचा तुकडा कापावा. कापताना ब्लेड दाबू नये, ओढत न्यावे. दाबलेल्या ब्लेडखाली कोवळ्या पेशी चेंगरतात आणि ती जखम शेवटच्या स्लाइडवर जशीच्या तशी दिसते. त्यानंतर डोळ्याची बाहेरची दोन तपकिरी खवली चिमट्याने काढावीत. खवल्यांच्या आत पांढऱ्या-तपकिरी कापसासारखी लव दिसेल. ती सगळी ओरबाडून काढण्याचा मोह टाळावा, कारण तिच्या खालीच वाढबिंदू असतो. डोळ्यामागची काडीची बाजू मात्र उभी तासून पातळ करावी, म्हणजे द्रावण मागूनही आत शिरते. काडी तोडल्यापासून तुकडा बाटलीत पडेपर्यंत दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नये, आणि द्रावणाचे आकारमान ऊतीच्या किमान दहापट असावे.

तुकडे टाकल्यावर ते तरंगतात. लवेत अडकलेली हवा त्यांना वर ठेवते आणि जोपर्यंत ती हवा आहे, तोपर्यंत द्रावण वाढबिंदूपर्यंत पोहोचत नाही. प्रयोगशाळेत व्हॅक्यूम पंप असतो, बागेत सिरिंज पुरते. तुकडे आणि थोडे द्रावण सिरिंजमध्ये घ्यावे, आतली हवा बाहेर काढावी, टोकावर हातमोजा घातलेले बोट घट्ट दाबावे आणि दट्ट्या सावकाश मागे ओढावा. खवल्यांच्या फटींतून बारीक बुडबुड्यांची माळ निघू लागते. अर्धा मिनिट धरून दट्ट्या हलकेच सोडावा. असे पाच-सहा वेळा केल्यावर एकेक डोळा तळाशी जाऊन बसतो. जो तुकडा बुडत नाही, तो बाद करावा. तो पुढे चांगला निघेल अशी आशा धरू नये. दट्ट्या झटक्याने सोडल्यास कोवळी ऊती फाटते, म्हणून घाई करू नये.

बाटलीवर पेनने नाव लिहू नये, कारण अल्कोहोलचा एक थेंब पडला की शाई पुसली जाते. जाड कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने क्रमांक लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी. कोवळे डोळे ४८ तास आणि पिकलेले डोळे आठवडाभर एफएएमध्ये ठेवावेत. त्यात ते अनेक महिने टिकतात, त्यामुळे मे महिन्यात फक्त नमुने गोळा करून पुढचे काम पावसाळ्यानंतर करता येते आणि मी तसेच करण्याचा सल्ला देईन.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. एफएए हे ऊतींची रचना पाहण्यासाठी उत्तम आहे, पेशीच्या आतील सूक्ष्म अवयव पाहण्यासाठी नाही. डावणीची (केवडा रोगाची) बुरशी पानाच्या पेशीत आपली शोषके कशी खुपसते, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असेल तर बफरमधील ग्लुटारल्डिहाइड, थंड तापमान आणि एक-दोन मिलिमीटरचे तुकडे, असा निराळाच मार्ग धरावा लागतो. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकासाठी डावणीच्या तेलकट डागाच्या कडेचा, अर्धा रोगट आणि अर्धा निरोगी असा ५ मिलिमीटरचा चौकोन एफएएमध्ये टाकला तरी चालतो.

पाणी काढणे

मेण आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून ऊतीतील पाणी हळूहळू काढून त्याच्या जागी मेणात मिसळणारे द्रव्य आणावे लागते. द्राक्षाच्या डोळ्यासाठी झायलीनपेक्षा टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल, म्हणजे टीबीए, मला अधिक भरवशाचे वाटते, कारण झायलीनमुळे खवली दगडासारखी कडक होतात. प्रथम ५० टक्के अल्कोहोलमध्ये दोनदा धुऊन एफएए काढून टाकावे. त्यानंतरची पहिली पायरी म्हणजे पाणी ५०, ९५ टक्के इथाइल अल्कोहोल ४० आणि टीबीए १० भाग. दुसरीत हेच प्रमाण ३०, ५० आणि २०, तर तिसरीत १५, ५० आणि ३५ असते. चौथ्या पायरीत पाणी घालायचे नाही. ९५ टक्के अल्कोहोल ४५ आणि टीबीए ५५ भाग घ्यावे. पाचवीत निर्जल अल्कोहोल २५ आणि टीबीए ७५ भाग असतात. यानंतर शुद्ध टीबीएचे तीन बदल करावेत आणि त्यांतील एक रात्रभर ठेवावा. पानाच्या तुकड्यांना प्रत्येक पायरीत दोन ते चार तास पुरतात. डोळ्यांना मात्र मी प्रत्येक पायरीत पूर्ण दिवस देतो. पाचव्या पायरीत चिमूटभर इओसिन घातल्यास ऊती गुलाबी होते आणि पुढे पांढऱ्या मेणात तिची दिशा ओळखता येते.

टीबीए सुमारे २५ अंशांखाली गोठते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या प्रयोगशाळेत सकाळी कपाट उघडले की बाटलीत काचेसारखा पांढरा गठ्ठा दिसतो. निफाडकडच्या थंडीचा अनुभव असणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवून ते वितळवावे आणि नमुन्यांच्या बाटल्या ३० अंशांच्या आसपास उबदार जागी ठेवाव्यात. टीबीए ज्वालाग्राही आहे, त्यामुळे हीटर किंवा उघडी ज्योत त्याच्याजवळ नसावी.

पातळ अल्कोहोल तयार करताना साधा नियम वापरावा : ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमधून जितके टक्के हवे तितके मिलिलिटर घ्यावे आणि पाणी घालून एकूण ९५ मिलिलिटर करावे. ७० टक्क्यांसाठी ७० मिलिलिटर अल्कोहोल आणि २५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी. बोअरचे पाणी कोणत्याही पायरीत वापरू नये. त्यातील क्षार अल्कोहोलमध्ये बाहेर पडून ऊतीवर बसतात.

मेणात बसवणे

शुद्ध टीबीएनंतर डोळे टीबीए आणि लिक्विड पॅराफिन यांच्या समभाग मिश्रणात रात्रभर ठेवावेत. दुसऱ्या बाटलीत पाऊण भागापर्यंत वितळलेले मेण ओतून ते वरून गोठू द्यावे. त्या गोठलेल्या मेणावर डोळे व मिश्रण अलगद ठेवून बाटली ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावी. मेण जसजसे वितळते तसतसे डोळे एकेक करून खाली उतरतात आणि वितळलेल्या मेणाचा आणि त्यांचा संबंध हळूहळू येतो. ही पद्धत जुनी आहे, परंतु एकदम गरम मेणात टाकण्यापेक्षा ती कितीतरी सौम्य आहे. पुढच्या दोन दिवसांत शुद्ध मेणाचे तीन बदल करावेत. टीबीएचा वास पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नये. ओव्हन ६२ अंशांच्या वर गेला तर ऊती ठिसूळ होते.

मेणाचा वितलनबिंदू हवामान पाहून निवडावा. आपल्या उन्हाळ्यात ५८ ते ६० अंशांचे मेण बरे पडते, कारण त्याहून मऊ मेणाची रिबन मे महिन्यात चिकटून गोळा होते. हिवाळ्यात ५६ ते ५८ अंशांचे चालते. वीज जाण्याची शक्यता असेल तर ओव्हन इन्व्हर्टरवर असावा. मेण मुरण्याच्या मध्येच गोठले आणि पुन्हा वितळले, तर डोळ्याच्या मध्यभागी पोकळ्या राहतात.

ब्लॉक करताना कागदी होडी किंवा धातूचे एल-आकाराचे तुकडे वापरावेत. डोळा कोणत्या दिशेने बसवायचा, यावर सारा निकाल अवलंबून असतो. वाढबिंदूच्या दोन बाजूंना आळीपाळीने पाने येतात आणि सूक्ष्मघडाचे आद्यक (अगदी सुरुवातीचा अंकुर) पानाच्या आद्यकासमोर असते, म्हणून पानांच्या प्रतलातूनच उभा छेद गेला तर वाढबिंदू, पान आणि घड तिन्ही एका चित्रात दिसतात. हे प्रतल बाहेरून नेमके ओळखता येत नाही. त्यामुळे निम्मे डोळे एका दिशेने आणि निम्मे काटकोनात बसवावेत, आणि आडव्या छेदांसाठी काही ब्लॉक वेगळे ठेवावेत. डोळ्यात मुख्य अंकुराशेजारी दुय्यम अंकुरही असतात. त्यातला घड पाहून मुख्य अंकुराचा निष्कर्ष काढण्याची चूक आडव्या छेदांची पूर्ण मालिका पाहिली तर होत नाही.

छेद घेणे

ब्लॉक समलंब आकारात तासून वरच्या व खालच्या कडा अगदी समांतर ठेवाव्यात, नाहीतर रिबन वळते. ऊती उघडी पडेपर्यंत तासून तो ब्लॉक रात्रभर थोडे ग्लिसरीन घातलेल्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवावा. खवली मऊ होतात आणि छेद फाटत नाहीत. रोटरी मायक्रोटोमवर डोळ्यांसाठी १० आणि पानांसाठी ८ मायक्रॉन जाडी ठेवावी.

द्राक्षाच्या ऊतीत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. ॲसिटिक आम्लात ते विरघळत नाहीत, म्हणून फिक्सेशननंतरही तसेच राहतात आणि ब्लेडच्या धारेला बारीक खाच पाडतात. रिबनवर एकाच जागी उभी रेघ सतत दिसू लागली तर ब्लेड सरकवून नवी धार घ्यावी. याच डोळ्यांत टॅनिनही भरपूर असते. काही पेशी रंगवण्याआधीच तपकिरी दिसतात, आणि तो रोग समजू नये.

उन्हाळ्यात छेद पहाटे घ्यावेत आणि अधूनमधून ब्लॉकवर बर्फाचा तुकडा धरावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत रिबन विजेच्या भाराने उडते व ब्लेडला चिकटते. शेजारी ओले कापड ठेवल्यास ती पुष्कळ शांत होते. सगळे छेद क्रमाने ठेवावेत, कारण सूक्ष्मघड १० मायक्रॉनच्या थोड्याच छेदांत येऊन जातो आणि मधली एक पट्टी हरवली की तो हरवतो.

स्लाइडवर मेयरचे अल्ब्युमिन अगदी पातळ लावावे. ते घरी करता येते : अंड्यातील पांढरे आणि ग्लिसरीन समभाग घेऊन गाळावे आणि टिकण्यासाठी थायमॉलचा खडा टाकावा. रिबनचे तुकडे ४२ ते ४५ अंशांच्या पाण्यावर पसरवून स्लाइडवर उचलावेत आणि ४० अंशांवर रात्रभर वाळवावेत.

रंगवणे

झायलीनमध्ये दोनदा पाच ते दहा मिनिटे ठेवून मेण काढावे आणि उतरत्या अल्कोहोलमधून ५० टक्क्यांपर्यंत यावे. ५० टक्के अल्कोहोलमधील १ टक्का सॅफ्रॅनिनमध्ये किमान दोन तास, शक्यतो रात्रभर ठेवावे. जादा रंग धुऊन चढत्या अल्कोहोलमधून ९५ टक्क्यांपर्यंत न्यावे आणि फास्ट ग्रीनमध्ये फक्त १० ते ३० सेकंद बुडवावे. लाकडी भिंती व केंद्रके लाल आणि सेल्युलोजच्या भिंती व जीवद्रव्य हिरवे दिसते. फास्ट ग्रीन फार लवकर चढतो, म्हणून पहिल्या दोन स्लाइड केवळ वेळ ठरवण्यासाठी खर्च कराव्यात. नंतर निर्जल अल्कोहोल, झायलीन आणि वरची काच कायमची चिकटवणारे डीपीएक्स. पावसाळ्यात शेवटच्या झायलीनमध्ये स्लाइड दुधाळ झाली तर ऊतीत पाणी उरले आहे असे समजून पुन्हा ताज्या निर्जल अल्कोहोलमध्ये न्यावी. तशीच डीपीएक्सने झाकली तर ती कायमची धूसर राहते. घाईच्या वेळी, छेद योग्य जागी गेला आहे का एवढेच पाहायचे असेल, तर ०.०५ टक्के टोल्युडीन ब्लूने एक मिनिटात उत्तर मिळते.

तयार स्लाइड आधी लहान भिंगाखाली पाहावी. जीवद्रव्य भिंतीपासून सुटलेले दिसले तर दोष बागेतला किंवा फिक्सेटिव्हच्या प्रमाणातला आहे. डोळ्याच्या मध्यभागीच छिद्रे असतील तर मेण मुरलेले नाही. सर्व छेदांवर एकाच दिशेने सुरकुत्या असतील तर पाणी पुरेसे कोमट नव्हते. हे वाचन वहीत त्या ब्लॉकच्या क्रमांकापुढे त्याच दिवशी लिहावे.

उरलेले ब्लॉक फेकू नयेत. कापलेल्या बाजूवर वितळलेल्या मेणाचा थर देऊन, क्रमांकाची चिठ्ठी लावून ते थंड कपाटात ठेवावेत. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ते मे महिन्यात एकमेकांना चिकटतात. ज्या वेलींवरून डोळे घेतले, त्यांना बागेतच रंगीत फीत बांधून ठेवावी. ऑक्टोबर छाटणीनंतर तीन आठवड्यांनी पुन्हा त्या बागेत जाऊन, त्याच वेलींच्या शेजारच्या काड्यांवर त्याच क्रमांकाच्या डोळ्यांतून किती घड बाहेर पडले ते मोजावे आणि वहीतल्या मे महिन्याच्या नोंदीपुढे लिहावे.